आईच्या चित्रावरच्या चौकटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि बसल्यावर एकमेकांची सगळी पापं ऐकून घेणारे जे दोन मित्र आहेत, त्यांनाही नाही. तसा मी फटकळ माणूस. याच्या पोटात काही राहत नाही, असं लोक म्हणतात. राहतं की. एक गोष्ट वीस वर्षांहून जास्त राहिली आहे.

आणि आधीच सांगतो — पश्चात्तापानं पोळून निघालोय म्हणून लिहायला बसलोय, असं समजू नका. झाला असेल पश्चात्ताप, नसेलही. राग मात्र आहे. आत्ता देशमाने सरांचं नाव लिहितानाही कानशिलं तापली बघा. मेलेल्या माणसावर एवढा राग धरायचा असतो का? नसतो. पण आहे, त्याला काय करू?

देशमाने सर आम्हाला ड्रॉइंग शिकवायचे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी कोल्हापुरात कमर्शियल आर्टला होतो, रोज कागलहून वडापनं यायचो — जीपमध्ये बारा माणसं, वर माझा ड्रॉइंग बोर्ड. सरांचा हात म्हणजे हात होता, ते नाकारून चालणार नाही. मॉडेल समोर बसलं की सर पेन्सिल टेकवायचे आणि कान, मान, खांदा असं एका दमात उतरायचं. खोडरबर ते खिशात ठेवतच नसत. आणि जीभ! सरांच्या जिभेचा प्रसाद अर्ध्या कोल्हापूरला मिळालेला होता. जुन्या नावाजलेल्या चित्रकारांनाही ते तोंडावर सुनवायचे, तिथं आम्ही पोरं कोण?

माझे वडील — आप्पा म्हणायचो आम्ही त्यांना — कागलात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, भिंतीवर खताच्या जाहिराती. आणि कुणाच्या घरातलं माणूस गेलं की त्याच्या बोटभर फोटोवरून हातभर चित्र. ते कसं करायचे सांगतो. फोटोवर बारीक चौकटी मारायच्या. मोठ्या कागदावर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी मारायच्या. मग एकेका चौकटीतलं नाक, डोळा, मिशीचं टोक उचलून पलीकडच्या चौकटीत ठेवायचं. मी चौथीत असल्यापासून आप्पांना चौकटी मारून देत होतो. माझ्या लेखी चित्र काढणं म्हणजे हेच होतं. दुसरी काही रीत असते, हे कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि ते सुद्धा अर्धवटच.

दुसऱ्या वर्षी सरांनी सबमिशनला सांगितलं — घरातल्या माणसाला समोर बसवून पोर्ट्रेट काढून आणा. मी अव्वाला, म्हणजे आईला बसवलं. ती बसेल तर शपथ! पाच मिनिटं झाली की भाकरीचा तवा आठवायचा, नाहीतर दारात कोण आलंय ते बघायला उठायची. शेवटी वैतागून तिचा फोटो घेतला, चौकटी मारल्या आणि काढलं. यात चोरी आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही हो. चौकटी नीट खोडल्याही नव्हत्या. ज्यात काही वावगं नाही ते लपवायचं कशाला?

सर प्रत्येक शीट खिडकीपाशी नेऊन उजेडाला तिरकं धरायचे. माझं धरलं. रेघा दिसल्या.

आता नेमके त्याच दिवशी आप्पा कॉलेजात आले होते. माझा बोर्ड वाकला होता, म्हणून त्यांनी स्वतः प्लायवूड कापून, कडा घासून नवा बनवला होता. तो घेऊन वर्गाच्या दारात उभे होते. विजारीवर रंगाचे डाग. सरांनी त्यांना बघितलं, कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग सर वर्गाकडं वळले आणि म्हणाले, "घरातच असली शिकवण असेल तर पोराला काय बोलायचं? याला चित्र म्हणत नाहीत. ही पाट्या रंगवायची मजुरी आहे. चौकटी मारून गाढवसुद्धा काढेल."

वर्ग हसला. चाळीस पोरं-पोरी. 

मला बोलले असते तर मी गिळलं असतं. देवाशप्पथ गिळलं असतं. पण आप्पा पुढं आले, हातातला बोर्ड भिंतीला टेकवला, आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं सर. माझं बघून केलंय पोरानं. माफी असावी."

माफी कशाची? तीस वर्षं ज्या कामावर आमचं घर चाललं, त्या कामाची माफी? सरांनी मान हलवली आणि पुढचं शीट उचललं. झालं. त्यांच्यासाठी तिथं संपलं. आप्पा त्यानंतर मी घरात असलो की चौकटी मारायला पाठ करून बसायचे. मी जवळ गेलो की कागदावर हात ठेवायचे. आपल्या बापानं आपल्यासमोर काम लपवायचं — हे काय असतं, तुम्हाला कसं सांगू? मी मनात म्हटलं, देशमाने, तुझ्या नावानं कधीतरी अंघोळ करीन.

दोन वर्षं काही केलं नाही. करण्यासारखं हाताशी काही नव्हतंच. उलट सरांपुढं इतका चांगला वागलो की त्यांचा आवडता झालो. समोर बसलेल्या माणसाकडं कसं बघायचं, नजर कागदावरून उचलून पुन्हा कशी नेमकी टेकवायची, हे मला सरांनीच शिकवलं. मार्कही दिले, हात आखडता घेतला नाही. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सर नुसते दुष्ट होते. नव्हते. म्हणून राग कमी झाला का? नाही झाला. माणूस चांगला निघाला की उलट जास्त चीड येते.

शेवटच्या वर्षी कॉलेजात दोन कॉम्प्युटर आले आणि एक स्कॅनर. खोलीबाहेर चपला काढायच्या, पडदे बंद, आणि मशीनला धूळ लागेल म्हणून आत मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही! शिकवणाऱ्या सरांनाच धड येत नव्हतं. मी राजारामपुरीत एका क्लासला जाऊन फोटोशॉप शिकलो होतो, त्यामुळं डिजिटल डिझाइनच्या सबमिशनला सगळा वर्ग माझ्यामागं. आणि लोकांचा त्या मशीनवर विश्वास किती! डोळ्याला दिसत नाही ते स्कॅनरला दिसतं, असं मोठी मोठी माणसं बोलायची.

त्याच वर्षी देशमाने सरांचं प्रदर्शन ठरलं. आयुष्यातलं पहिलं. त्यात मुख्य चित्र होतं त्यांच्या आईचं. आई शेवटच्या आजारात असताना सर रोज संध्याकाळी उशाशी बसून ते काढत होते. थोडं थोडं करत महिनाभर. चित्र पुरं झालं आणि चार दिवसांत त्या गेल्या. दहा-बारा वर्षं ते घरातच होतं, कुणाला दाखवलं नव्हतं. आता ते प्रदर्शनाच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायचं होतं, खाली एक ओळ — आईला समोर ठेवून काढलेलं. सरांनी चित्र मऊ सुती लुगड्यात गुंडाळून आणलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, स्कॅन तूच कर, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

चित्र उघडलं. खरं सांगतो, तसं चित्र मी आजवर परत बघितलं नाही. म्हातारीचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले, पांढऱ्या केसांची एक बट उशीवर. माणूस जाताना कसं दिसतं, ते त्यात होतं. मला रडू यायला पाहिजे होतं. आणि मला काय सुचलं? मला चौकटी सुचल्या.

चित्र स्कॅनरपेक्षा मोठं होतं. दोन भागांत स्कॅन केलं, जोडलं, सांधा दिसेनासा केला. मग त्यावर एक वेगळा थर उघडला — फोटोशॉपमध्ये असे थर एकावर एक ठेवता येतात, पाहिजे तेव्हा लपवता येतात — आणि त्या थरावर रेघा मारल्या. बारीक, राखाडी. आडव्या, उभ्या. अगदी पुसट. मग त्याही मधूनमधून खोडल्या, कुणीतरी रबरानं घाईत खोडाव्यात तशा. कानाजवळ आणि उशीच्या कोऱ्या जागेत जरा ठळक ठेवल्या. प्रेसमध्ये छापताना उडून जाऊ नयेत म्हणून दोनदा प्रिंट काढून बघितल्या. तीन दिवस ते काम केलं मी. कॉलेजच्या कुठल्याच सबमिशनला मी एवढी मेहनत घेतली नव्हती!

सरांना छापायच्या आधीचा नमुना दाखवला, तो रेघांचा थर लपवून. सरांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, आई आली. मी खाली बघून 'हो सर' म्हटलं आणि सीडी प्रेसला नेऊन दिली. तिच्यात रेघांचा थर उघडा होता.

उद्घाटनाला गावातले सगळे जुने चित्रकार आले होते. पहिला तासभर काहीच नाही, माझाच जीव टांगणीला. मग एका म्हाताऱ्या चित्रकारानं पुस्तिका डोळ्याजवळ नेली, लांब धरली, खिडकीकडं नेऊन तिरकी केली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अहो मास्तर, चौकटी मारल्यात की हो!"

त्या वेळी मला जे वाटलं ते लिहितो. गार वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवावं तसं. सर हसले आधी, काहीतरी काय म्हणून. मग पुस्तिका घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. लोक मूळ चित्रापाशी गेले. ते स्वच्छ होतं, अर्थात. त्यावर कुणीतरी म्हणालं, खोडल्या असतील. दुसरा म्हणाला, डोळ्याला न्हाय दिसत, पण मशीनला दिसतंय बघा. संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यांवर तोच विषय. आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवली आणि स्वतः आईच्या फोटोवर चौकटी मारून बसला! मरायला टेकलेल्या आईच्या नावावर खोटं बोलला! ज्यांना ज्यांना सरांची जीभ लागली होती, त्यांनी सगळ्यांनी मिळून उट्टं काढलं. नीट बघितलं असतं तर एखाद्याला संशय आला असता. बघायचं कुणाला होतं?

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. टेबलावर पुस्तिका आणि मूळ चित्र शेजारी शेजारी. रात्री झोपले नसावेत. माझ्यावर त्यांचा संशय नव्हता — एवढासुद्धा नाही. त्यांनी फक्त विचारलं, "शिवानंद, मशीन चुकतं का रे कधी?"

इथं मला सांगता आलं असतं. नाहीतर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की चुकतं सर, कधी कधी येतात अशा रेघा. बिचारे तेवढ्यावरही सुटले असते. मी म्हणालो, "नाही सर. कागदावर असतं तेवढंच येतं."

सरांनी चित्र परत लुगड्यात गुंडाळलं. मी परवानगी घेऊन निघालो, आणि जिन्यात शीळ घातली. हो, घातली.

त्यानंतर वर्गात कुणीतरी फळ्यावर खडूनं चौकटी काढून ठेवायचं. सर येऊन त्या पुसायचे. आमची शीट्स खिडकीपाशी नेणं त्यांनी बंद केलं. समोर बसून चित्र काढून दाखवणंही बंद केलं. तुम्ही काढा, मी बघतो, म्हणायचे. पोरं खुश. मीही खुश. आप्पांना मी पुस्तिका दाखवली नाही. त्यांच्या कानावर गेलं असेल, मला वाटलं त्यांनाही बरं वाटत असेल.

पुढं महिन्याभरानं, एका रविवारी, सर कागलला आले. एकटेच, एसटीनं. दुकानात आप्पा होते आणि मी. सरांनी लुगड्यात गुंडाळलेलं चित्र काढलं, पुस्तिका काढली, दोन्ही आप्पांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, पेंटर, चौकटीतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. बाकी सगळे माझ्यावर राग काढतायत, त्यांचं मी ऐकत नाही. तुम्ही बघून सांगा. या कागदावर कधी चौकटी होत्या का?

कळतंय का तुम्हाला? ज्याला चाळीस पोरांपुढं गाढव म्हटलं, त्याच्याच दारात न्याय मागायला आला होता माणूस. आणि बरोबर दारात आला होता.

आप्पांनी हात धुतले, पुसले. चित्र उजेडाला धरलं. मग डोळे मिटून कागदावरून बोट फिरवलं. पेन्सिलची रेघ खोडली तरी कागदात घर करून राहते, बोटाला लागते. दोन-तीनदा बोट फिरवलं. मग पुस्तिका घेतली. छापलेल्या चित्रात माझ्या रेघा म्हातारीच्या पांढऱ्या केसांवरून गेल्या होत्या — बटेच्या वरून. चौकट आधी मारतात, चित्र नंतर येतं. रेघ केसांच्या खाली पाहिजे. मी ज्या बापाकडून चौकटी शिकलो, त्याच्यापुढं मी ही चूक केली होती. आप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. एवढंच. त्यांना सगळं कळलं, आणि मला कळलं की त्यांना कळलं.

एका शब्दाचं काम होतं. त्यांच्या नाहीतर माझ्या. मी रंगाच्या डब्यांकडं बघत उभा राहिलो.

"व्हय सर," आप्पा म्हणाले. "हायत. पुसट हायत."

"मी मारल्या नव्हत्या हो, पेंटर. आई समोर होती."

"इसरला असाल, सर. लई वर्सं झाली."

सर खुर्चीवर बसले. मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. मग हळूहळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, असेल, त्या दिवसांत माझं मला भान नव्हतं, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. ज्या माणसानं आईला महिनाभर डोळ्यांनी बघून काढलं, त्याला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नव्हता. ते उठले. आप्पांपुढं दोन्ही हात जोडले, आणि म्हणाले, "त्या दिवशी वर्गात मी तुमच्या कामाला बोललो. तेव्हा मला काय माहीत होतं? मला माफ करा."

दोन वर्षं मला नेमकं हेच पाहिजे होतं. हेच, याच शब्दांत. आणि आता खरं ते लिहितो, ज्यासाठी एवढं सगळं सांगत बसलो — सर हात जोडून उभे होते, आप्पा मान खाली घालून उभे होते, आणि मी त्या दोघांच्या मागं उभा राहून सुखावलो होतो. लाज नंतर आली. आधी सुख झालं, आणि चांगलं पोटभर झालं.

आप्पा सरांना स्टँडवर सोडून आले. ते चित्र त्यांनी स्वतः उचलून नेलं होतं, सरांच्या हातून पडेल म्हणून. परत आल्यावर मला वाटलं मारतील. मारलं नाही. स्टुलावर बसून म्हणाले, "कामाच्या बाबतीत आजवर कुणाला खोटं सांगितलं न्हवतं रे. आज तुझ्यापायी सांगितलं." एवढंच बोलले आणि पाटीचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला घेतलं. पुढं सात-आठ वर्षं जगले. तो विषय परत काढला नाही. मीही काढला नाही. माझ्यासमोर पाठ करून बसायचं त्यांनी सोडलं नाही, आणि आता ते कशासाठी होतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी कोल्हापुरात डिझाइनचं ऑफिस टाकलं, चांगलं चाललं. सर निवृत्त झाले. त्यांनी नंतर काही काढलं असं ऐकलं नाही. मधल्या काळात दोन-तीनदा बाजारात दिसले, मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. प्रत्येक वेळी सांगता आलं असतं. भर बाजारात कुठं सांगायचं, असं म्हणून मी भाजी घेऊन घरी गेलो.

दोन हजार दहाच्या आसपास सर गेले. कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. आता मोठी झालेली आमची बॅच आली होती. माझ्या शेजारी बसलेला एक जण, आता स्वतःच कुठंतरी ड्रॉइंग शिकवतो, तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "हात काय होता यार सरांचा. फक्त आईच्या चित्रात तेवढी लबाडी करायला नको होती."

मी म्हणालो, "हो ना."